पाण्यात पाहणे

आमचे साडू मला पाण्यात पाहतात, असं मी बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आलो आहे. ती म्हणते, उलट आहे, तुम्हीच त्यांना पाहता. ते काही असो. मागच्या वर्षी साडूंनी आपल्या चष्म्याच्या दुकानात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी बसवली, तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे सोडले, आणि आम्हा दोघांना एकमेकांकडे खरोखरच पाण्यातून पाहायची सोय झाली. मी नंबर तपासायला गेलो की टाकीच्या त्या बाजूने ते मला बघायचे आणि या बाजूने मी त्यांना.

"खाऱ्या पाण्याचं काम नाजूक असतं हं साडूभाऊ," ते म्हणायचे. "ऐऱ्यागैऱ्याचं नाही."

आता हे मला ऐकवायचं? मी पाणीपुरवठा खात्यातला उपअभियंता. शहराच्या अर्ध्या भागात नळाला जे येतं ते माझ्या हाताखालून येतं. जे येत नाही तेही माझ्याच हाताखालून येत नाही असं लोक म्हणतात, पण लोकांचं सोडा. सांगायचा मुद्दा, पाण्यातलं मला कळत नाही असं कोणी नुसतं सुचवलं तरी मला रात्री जेवण जात नाही. मी टाकी घ्यायचं ठरवलं.

तसं निमित्तही चांगलं होतं. मुलगी बाळाला घेऊन काही महिने आमच्याकडे राहायला येणार होती. जावई जहाजावर नोकरीला, एकदा गेला की महिनोन्‌महिने समुद्रात. नातीला मासे बघायला आवडतील, असं मी जाहीर केलं. लहान बाळांना हलते रंग बघायला आवडतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. एवढ्या लहान बाळाला हातभरापलीकडचं धड दिसत नाही, हे त्याच्याच खालच्या ओळीत छापलं होतं, पण तिथपर्यंत मी वाचलं नाही. वाचन अर्धवट सोडून कामाला लागायची मला सवय आहे. माझ्या सवयीला मी तडफ म्हणतो.

मुलगी आली. छकुली आली. छकुलीचं नाव ठेवून झालं होतं, पण आम्ही सगळे तिला छकुलीच म्हणत होतो. मुलीला दूध पुरेसं येत नव्हतं म्हणून बाळाला वरचं दूध सुरू केलेलं, डब्यातल्या पावडरचं. दुसऱ्याच दिवशी मुलगी मला म्हणाली, "बाबा, तिच्या दुधापुरता तरी घरात पाण्याचा फिल्टर बसवू या का?"

बायको स्वयंपाकघरातून हळूच बाहेर आली आणि दारात उभी राहिली. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. आमच्या घरात फिल्टर नाही. कधीच नव्हता. शेजारीपाजारी सगळ्यांकडे आहे, साडूंकडे तर दोन आहेत. ज्या माणसाने स्वतः पाठवलेलं पाणी स्वतःच्या घरी गाळून प्यायचं, त्याने दुसऱ्याला ते कुठल्या तोंडाने पाजायचं, हा माझा मुद्दा. मी मुलीला तो मुद्दा समजावून सांगितला. तिला लहानपणी सांगितला होता त्यापेक्षा जरा विस्ताराने सांगितला.

"आपलं पाणी आहे ते," मी शेवटी म्हणालो. "तू याच पाण्यावर वाढलीस. फारच शंका असली तर उकळून घे. चांगलं खळखळून, निम्मं आटेपर्यंत."

"बरं," मुलगी म्हणाली. ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवते. तिच्या आईची ही सवय लग्नानंतर लवकरच सुटली, तिची सुटायची होती.

त्या दिवसांत मी जरा हवेतच होतो, हेही सांगायला हवं. आमच्या भागात पाण्याचा दाब कमी. वरच्या मजल्यावर धार चढायची नाही आणि त्याबद्दलचे बोल खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मला ऐकावे लागायचे. शेवटी मी शेतांच्या बाजूची एक जुनी मोठी विहीर उपसून साफ करून घेतली, तिच्यावर पंप बसवला आणि ती थेट आमच्या भागाच्या लाइनीला जोडून टाकली. जंतूंची तपासणी झाली होती. क्लोरीनची सोय केली होती. बाकीच्या तपासण्या होतील सावकाश, असं मीच म्हणालो होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि चवीला गोड. जिन्यात शेजारी थांबवून माझं अभिनंदन करायचे. मी "छे हो, कामच आहे आपलं" म्हणायचो आणि अजून कोणी येतंय का बघत थोडा वेळ तिथेच रेंगाळायचो.

तर अशा भरात टाकी आली. दिवाणखान्याची एक भिंत तिने खाल्ली. बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव सवत ठेवलं. टाकीत वाळू घातली, दगड रचले, मिठाचं पाणी भरलं, वर दिवा लावला. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर निळा दिवा लावतात, त्यात माशांचे रंग खुलतात. आमचा दिवाणखाना संध्याकाळी एखाद्या स्वस्त हॉटेलासारखा दिसायला लागला. दुकानदाराने सांगितलं तेवढे दिवस थांबून मी दोन मासे आणले, आणि त्यांच्या अंगावरची घाण साफ करणारी एक लालपांढरी कोळंबी. टाकीसमोर सतरंजी घालून छकुलीला तिच्यावर ठेवलं. छकुली छताकडे बघत पडून राहिली.

मग मी पाणी तपासलं.

काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात एका बाटलीतले थेंब टाकायचे, मग दुसऱ्या बाटलीतले. दुसरी बाटली आधी जोरजोरात हलवायची, नाहीतर तळाशी बसलेलं औषध तळाशीच राहतं आणि उत्तर खोटं येतं. मग जरा थांबायचं आणि नळीतला रंग सोबतच्या कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. पिवळा म्हणजे उत्तम. केशरी म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे काही खरं नाही. माझा लाल आला.

हे नायट्रेट. माशांनी खाल्लेल्याचं आणि न खाल्लेल्याचं शेवटी जे होतं ते. घाण कुजते, पाण्यातले जंतू तिचं एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं करत नेतात, आणि शेवटी हे उरतं. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. थोडं असलं तर मासे चालवून घेतात, साचत गेलं की आधी नाजूक जीव जातात आणि मग बाकीचे. उपाय सगळीकडे एकच दिलेला: टाकीतलं थोडं पाणी काढा आणि नवं घाला.

पाणी घालणं तर आमचा धंदाच. मी नळाखाली बादली लावली, क्लोरीन घालवायचं औषध टाकलं, मोजून मीठ विरघळवलं, टाकीतलं पाणी काढलं, हे घातलं, नळी हलवली. लाल. परत बदललं. लाल. सुट्टीच्या दिवशी निम्मी टाकी उपसली, आणि त्या भानगडीत छकुलीचा अंघोळीचा टब मीठ कालवायला घेतला म्हणून बायको माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. रंग लालच. मला तर वाटलं, पूर्वीपेक्षा जरा गडदच आहे.

म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि मुरवणारी व्यक्ती घरातलीच असणार. बायको कोणालाही उपाशी बघू शकत नाही. माझी खात्री झाली की ही माझ्यामागे माशांना चोरून खायला घालते. मी खाण्याचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"माझे दागिने उघड्या कपाटात असतात," बायको म्हणाली, "आणि माशांचा भुगा कुलपात."

"दागिने कोणी पाण्यात टाकत नाही," मी म्हणालो. हे उत्तर मला फार आवडलं होतं. तिला आवडलं नाही.

माशांना मी एक दिवसाआड जेवण सुरू केलं. फिल्टरमधला स्पंज रोज धुतला. हो, टाकीला फिल्टर होता. माशांना मी तत्त्वातून सूट दिली होती. पाण्याचा फेस करून त्यातली घाण वर काढणारं एक यंत्र आणलं, ते आजारी माणसासारखं रात्रंदिवस गुरगुरायचं. मागच्या बाजूला शेवाळ वाढवलं, कारण शेवाळ नायट्रेट खातं म्हणतात. शेवाळ असं माजलं की त्याला कापायला कात्री लागली. एवढं खाऊनही नळी लाल ती लालच.

मग मी व्होडकावर आलो. ही थट्टा नाही. पाण्यात दारूचे मोजके थेंब टाकले की नायट्रेट खाणारे जंतू जोमाने वाढतात, असं जाणकार लिहितात. आमच्या घरात दारूला शिवायचं नाही. मी डोक्यावर टोपी ओढून दुकानात गेलो, तर काउंटरपाशी आमच्याच कार्यालयातला हिशेबनीस उभा. "साहेब, तुम्ही?" तो म्हणाला. "माशांसाठी," मी म्हणालो. त्याने फार समजूतदारपणे मान हलवली. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा मऊ आवाजात बोलायला लागला.

बाटली बायकोला सापडायची ती सापडलीच. मी सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आणि सोबत खायला काय लागतं त्यांना? ते त्या कुलपातलंच का?" थेंब मोजताना माझा हात जरा सैल सुटला आणि दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन आ वासत राहिले. मी घाईघाईने पुन्हा बादल्या भरल्या आणि नळाचं ताजं पाणी ओतलं, आपलं पाणी.

दोन दिवसांनी कोळंबी मेली. दगडावर आडवी पडलेली सापडली. मला वाईट वाटलं, उगीच नाही, खरंच वाटलं. मी तिला कागदात गुंडाळून कुंडीत पुरलं. कार्यालयात सांगितलं तर हिशेबनीस हळू आवाजात म्हणाला, "पुरली? खाल्ली नाहीत?"

या सगळ्यात छकुली फार शहाण्यासारखी वागत होती. रडायची नाही. सतरंजीवर ठेवली की पडून राहायची, झोपायची, उठून पुन्हा झोपायची. माशांमुळे बाळ किती शांत झालंय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. मुलीला तो शांतपणा आवडत नव्हता.

"बाबा, जरा इकडे बघा," एकदा संध्याकाळी ती म्हणाली. "हिचे ओठ निळसर दिसतात का हो तुम्हाला? दूध प्यायल्यावर?"

मी नळी धरून टाकीपाशी उभा होतो. वाकून बघितलं. छकुलीचे ओठ निळे होते. तिचा झबला निळा होता, सतरंजी निळी होती आणि मुलीचं नाकही निळं होतं.

"अगं, वरचा दिवा निळा आहे," मी म्हणालो. "माझी नळी बघ, ती पण जांभळी दिसतेय."

मुलगी हसली, स्वतःलाच हसल्यासारखी. "मी पण वेडी आहे," ती म्हणाली आणि दूध करायला आत गेली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी साडू आणि मेहुणी बाळाला बघायला आले. बाळाला मेहुणीने बघितलं. साडू सरळ टाकीकडे गेले, चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं.

"कोळंबी दिसत नाही."

"दगडामागे असेल," मी म्हणालो.

"दोन आठवडे झाले कुंडीत आहे," बायको म्हणाली. काही बायका नवऱ्याची बाजू घेतात म्हणे.

मग सगळंच बाहेर आलं. नायट्रेट, कुलूप, फेसाचं यंत्र, व्होडका. साडूंना एवढा आनंद मी त्यांच्या दुकानाच्या उद्घाटनालाही झालेला पाहिला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

"नळाचं."

"नळाचं?" त्यांनी बायकोकडे पाहिलं, मेहुणीकडे पाहिलं. "अहो, नळाचं पाणी कोणी घालतं का? मी दुकानात मशीन बसवलंय, त्यातून काढलेलं पाणी घालतो. आधी तुमच्या नळाचं तपासा ना. तिथेच असेल ते नायट्रेट."

माझ्या कानांची आग झाली. बाकी काही बोलले असते तर मी गिळलं असतं. तुमच्या नळाचं, म्हणाले. म्हणजे खात्याचं, म्हणजे विहिरीचं, म्हणजे माझं.

"आत्ता तपासतो," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांदेखत. आणि पिवळं आलं की तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं, पाण्यातलं साडूभाऊंना कळतं."

"म्हणेन की," साडू म्हणाले.

एवढ्या दिवसांत नळाचं पाणी तपासायचं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. मासे, बायको, दुकानदार, दगड, वाळू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन आलो. नळी त्यांच्यासमोर धरून भरली. थेंब मोजून टाकले. दुसरी बाटली मी अशी हलवली की मेहुणी म्हणाली, जरा हळू, खांदा निखळेल. मग नळी टेबलावर ठेवली आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो.

तिने फार वेळ लावला नाही. पिवळी झाली, मला हसू आलं, तेवढ्यात केशरी झाली आणि बघता बघता लाल झाली. टाकीच्या पाण्याची नळी व्हायची तशीच, उलट जास्तच.

साडूंनी नळी उचलून कार्डाशी धरली. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तुम्ही बादलीने नायट्रेट काढत होतात आणि बादलीने नायट्रेटच घालत होतात."

आणि मला काय वाटलं, तर सुटलो असं वाटलं. लाज वाटायच्या आधी तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. सापडलं एकदाचं. बायको निर्दोष, मासे निर्दोष. मी हसायलाच लागलो होतो. साडूही हसत होते. इतक्या वर्षांत आम्ही दोघे एका वेळी एकाच गोष्टीला हसल्याचं मला आठवत नाही.

आतून बाटली हलवल्याचा आवाज येत होता. खळखळ, खळखळ. मला वाटलं चाचणीची बाटली कोणी घेतली. पण ती माझ्या हातात होती. स्वयंपाकघरात मुलगी छकुलीचं दूध हलवत होती.

उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, ते जिवंत नसतंच. पाण्याची वाफ होते आणि ते खाली राहतं. पाणी निम्मं आटलं की ते दुप्पट होतं. आणि तान्ह्या बाळांच्या पोटात ते गेलं की रक्त शरीराला प्राणवायू पोचवू शकत नाही. हे मला कोणी सांगायला नको होतं. खात्याच्या परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी तो बरोबर लिहिला होता. बाळ निळं पडतं, असं लिहिलं होतं.

मी आत गेलो आणि मुलीच्या हातातली बाटली काढून घेतली. ती म्हणाली, "काय झालं?" मी बाहेर आलो. छकुली टाकीसमोर सतरंजीवर होती, शांत. मी टाकीचा दिवा बंद केला. मग खिडकीचा पडदा सरकवून बाहेरचा उजेड आत घेतला आणि तिच्याजवळ गुडघ्यांवर बसलो.

सतरंजी हिरवी होती. झबला पांढरा होता. ओठ निळेच होते.

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मुलगी माझ्यामागे उभी होती, तिने बघितलं, आणि ती बाळाला उचलून दाराकडे गेली. गाडी साडूंनी चालवली. वाटेत ते सिग्नललाही थांबले नाहीत. मी मागच्या सीटवर बसून छकुलीच्या इवल्या नखांकडे बघत होतो. नखंसुद्धा निळसर होती. ती मी आत्तापर्यंत एकदाही पाहिली नव्हती. रोज तिच्या डोक्यावरून हात पुढे करून मी नळी उजेडात धरत होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेलं. नाकाला नळी लावली, रक्त घेतलं. रक्त काळपट होतं, मी पाहिलं. मग बाई बाहेर आल्या.

"दूध कशात करता?"

"पावडर," मुलगी म्हणाली. "पाण्यात. उकळून घेते. खूप वेळ उकळते." तिला वाटत होतं, तिचंच काही चुकलं.

"पाणी कुठलं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बायकोही. या प्रश्नाला मी आयुष्यभर छाती पुढे काढून उत्तर देत आलो होतो.

"मी पाठवतो ते," मी म्हणालो.

बाईंना ते कळलं नाही. मी नीट सांगितलं: विहीर, शेतं, खतं, लाइन, नळीचा लाल रंग. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, वेळेत आणलंत. औषध दिलंय. आजची रात्र बघू, पण रंग परत येईल. मुलगी बाकावर बसली आणि रडली. मी तिच्या शेजारी बसायला गेलो, तर ती रागाने सरकली नाही. सरकली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तू दोनदा विचारलंस," मी तिला म्हणालो. "फिल्टरचं आणि ओठांचं."

"बाबा, आता नको," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी व्हॉल्व्हमनला घेऊन विहिरीवर गेलो. पंप बंद केला आणि लाइनीचा व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने फिरवला. तो म्हणाला, "साहेब, सकाळी लोक बोंब मारतील." मी म्हणालो, मारू देत. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, घबराट पसरवू नका, तांत्रिक कारणामुळे बंद असं सांगा, बाकीचं तपासणी आल्यावर बघू. मी बरं म्हणालो. त्यांना बरं म्हणायचीही मला सवय आहे.

सकाळी दवाखान्यातून मुलीचा फोन आला. छकुली रडत होती. फोनवरून ऐकू येत होतं, चांगलं तारस्वरात, शेजारच्या खोलीतले जागे होतील असं. मी ते थोडा वेळ ऐकलं आणि मग कार्यालयात गेलो.

तक्रारींचा फोन एरवी मी घेत नाही. त्या दिवशी मी त्याच्यापाशीच जाऊन बसलो आणि हिशेबनिसाला म्हणालो, आज मी उचलणार. त्याने मऊ नजरेने माझ्याकडे पाहिलं. फोन वाजतच होता. वरच्या मजल्यावरचे होते, खालच्या मजल्यावरचे होते, जिन्यात माझं अभिनंदन करणारे होते. तांत्रिक कारण हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी प्रत्येकाला सांगत गेलो, साठवलेलं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, घरात तान्हं बाळ असेल तर त्याला एक थेंब देऊ नका. ते चिडत होते. पाणी चांगलं तर होतं, म्हणत होते. बऱ्याच जणांनी माझी समजूत काढली.

मग एका बाईचा फोन आला. आवाज तरुण, झोप न झालेल्या माणसाचा.

"नळाला पाणी नाही हो. घरात लहान बाळ आहे."

"किती लहान?"

"तीन महिन्यांचं. कालचं भरून ठेवलेलं आहे थोडं, त्यातच दूध करतेय."

"वरचं दूध?"

"हो. मी विचारलं होतं ना तुमच्याकडे," ती म्हणाली. "नवीन पाणी आलं तेव्हा फोन केला होता, बाळाला चालेल का म्हणून. तुमच्या तिथल्या एका साहेबांनी घेतला होता. म्हणाले, बिनधास्त द्या, मी माझ्या नातीला हेच पाजतो. म्हणून मी देतेय."

तो फोन मला आठवला. हिशेबनीस जेवायला गेला होता आणि जाताजाता मी उचलला होता. बोलताना मी हातातली फाइलसुद्धा मिटली नव्हती.

"तो मीच होतो," मी म्हणालो. "ताई, आता मी सांगतो तसं करा. हातातलं दूध ओतून द्या. बाळाला उचला, खिडकीपाशी न्या आणि उजेडात त्याचे ओठ बघा. नखं बघा. दिव्याखाली नाही, बाहेरच्या उजेडात. आणि मला रंग सांगा. मी फोन ठेवत नाही."

तिने का म्हणून विचारलं नाही. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं लांब गेली. बाळाचा आवाज नव्हता. कुठेतरी पडद्याच्या कड्या सरकल्या, आणि मी फोन कानाला घट्ट धरून बसून राहिलो.